बरगडीपाशी थांबलेली नजर

एका रुग्णाच्या एक्स-रेतली गाठ माझ्या नजरेतून सुटली म्हणून माझ्याविरुद्ध दावा दाखल झाला, त्या आठवड्यात मी एक चाचणी घेतली. दीड वर्षापूर्वीचा तो छातीचा एक्स-रे तीस जुन्या एक्स-रेंमध्ये मिसळला, तंत्रज्ञाकडून सगळ्यांवरची नावं झाकून घेतली आणि गठ्ठा तीन सहकाऱ्यांना वाचायला दिला. कशासाठी, ते सांगितलं नाही. मी स्वतः पुन्हा पाहण्यात अर्थ नव्हता. गाठ कुठे आहे हे एकदा कळलं की ती दिसणारच.

तिघांनीही लिहिलं : उजव्या बाजूच्या सातव्या बरगडीला बारीक तडा. दोघे तिथेच थांबले, माझ्यासारखे. तिसरीने आणखी एक ओळ लिहिली होती : फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला, हाडाआड, पुसट सावली, सीटी स्कॅन करावा.

"तिघांपैकी दोघांना दिसली नाही!" आमचे वकील खूश झाले. "केस खिशात आहे, मॅडम. तडजोडीच्या बैठकीत एकच वाक्य म्हणायचं, तेव्हा दिसण्यासारखं काही नव्हतं. पुढचं मी बघतो."

"पण एकीला दिसली."

"तिला बोलावतंय कोण?"

बैठकीची खोली अरुंद होती. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. समोर दावा लावणारे रुग्ण, एक रंगारी, आणि त्यांची बायको बसली होती. रंगाऱ्यांच्या नखांच्या कडांना पांढरा रंग होता. म्हणजे पुन्हा कामावर जात होते. दहा महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला होता. त्यानंतरचे स्कॅन स्वच्छ होते.

त्यांचे वकील पिशवीतून कागद काढेपर्यंत रंगारीच बोलू लागले.

"मला एकच विचारायचंय. खोकून खोकून बरगडी तडकली, तेव्हा मी दवाखान्यात आलो. ती गाठ तेव्हा आत होती का नव्हती?"

"कुठली असायला!" बायको म्हणाली. "रिपोर्टात नुसती बरगडी होती. नंतर चार महिने हे खोकत बसले. जा म्हटलं, तर म्हणे रंगाचा वास बाधलाय. दुखणं अंगावर काढायची सवयच आहे यांना."

"ऐकलंत?" रंगारी म्हणाले. "औषध दिवसातून दोनदा, हे बोलणं चारदा. पाहुणा आला की त्यालाही एक डोस."

"मग खोटं आहे का?"

"तेच तर विचारायला आलोय, बाई."

मध्यस्थ बाईंनी हसू लपवायला कागद तोंडासमोर धरला. आमच्या वकिलांनी माझ्या कोपराला हळूच स्पर्श केला. माझं वाक्य म्हणायची हीच वेळ होती.

"होती," मी म्हणाले. "आणि दिसतही होती."

वकिलांचं पेन थांबलं. मी उठून एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि बोटाने ती जागा दाखवली. दोघंही जवळ आले.

"तुमच्या कागदावर लिहिलं होतं, खोकताना छातीत दुखतं. मला तडा सापडला. दुखण्याचं कारण मिळालं, असं वाटलं आणि मी वर नीट पाहिलंच नाही. एक गोष्ट सापडली की दुसरी शोधायचं राहून जातं. ही चूक आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. मी ती विद्यार्थ्यांना शिकवते."

रंगारी फिल्मकडे बघत राहिले. "आमच्यातही होतं. भिंतीला भेग दिसली की भेगच बुजवत बसायचं. ओल छतातून उतरतेय, तिकडे मानच वर होत नाही."

"तुमची होते?"

"तिसऱ्या दिवशी. रंग फुगला की."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी वेळेत आलो होतो."

"वेळेत आला होतात. उशीर माझ्यामुळे झाला."

"तेव्हाच कळलं असतं तर?" बायकोने विचारलं.

"गाठ लहान होती. कदाचित फुफ्फुसाचा कमी भाग काढावा लागला असता. खात्रीने नाही सांगता येत."

तिने मान हलवली आणि खुर्चीत जाऊन बसली. मग मध्यस्थ बाई लिहू लागल्या : डॉक्टरांनी चूक मान्य केली, भरपाई दोन्ही वकिलांनी मिळून ठरवावी, यापुढे छातीचा प्रत्येक एक्स-रे दोघांनी वाचावा, आणि दुसऱ्याने पहिल्याचं मत न पाहता. हे शेवटचं मीच सुचवलं. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"माझंही लिहा," बायको एकदम म्हणाली.

"तुमचं काय?"

"माझंही चुकलं म्हणून. वर्षभर यांनाच बोलत होते."

"अहो, पण या दाव्यात तुम्ही नाही आहात."

"लिहून घ्या, बाईसाहेब," रंगारी घाईने म्हणाले. "अशी संधी पुन्हा यायची नाही."

मध्यस्थ बाईंनी एका वेगळ्या कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. बायकोने खाली सही केली आणि कागद नवऱ्याकडे सरकवला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. दम घ्यायला ते मध्ये दोनदा थांबले. दोन्ही वेळा ती पुढचा शब्द सांगायला गेली नाही. वाट पाहत राहिली.