घाटाच्या चढावर ठेवलेली पट्टी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. खोटी निघाली तर मला मोडून चुलीत घाला. मी एक जुनी शिसवी फूटपट्टी आहे. साताऱ्याच्या एका सुताराने मला घासूनपुसून सरळ केले, आणि तो सरळपणाच माझ्या डोक्याला ताप झाला.

लढाईच्या दिवसांत, चव्वेचाळीस साली, मी रस्त्यांचे ओव्हरसियर भाऊसो यांच्याकडे होते. पाटणकडचा एक घाटरस्ता कच्चा तयार होता. नकाशावर भाऊसोंची सही झाली की तसाच पक्का होणार होता. शंभर फुटांत सहा फुटांहून जास्त चढ नको, असा नियम. नकाशावर घाट बाजूने दिसेल असा काढलेला; त्यातली रस्त्याच्या चढाची रेघ वाकडी, मी सरळ! भाऊसोंनी त्या रेघेवर एक ठिपका घाटातल्या मोठ्या खडकापाशी दिला, दुसरा तिथून चारशे फूट पुढच्या खुणेवर, आणि मला दोन्ही ठिपक्यांना लावले. "उंची वीस फूट. शंभराला पाच. झकास!"

'अहो, मधली रेघ बघा की!' मी मनात ओरडत होते. खडकापाशी ती माझ्याहून किती ताठ चढत होती!

तेवढ्यात हरणाबाई आली. नवरा पलटणीत, म्हणून गुळाची गाडी तीच हाकी.

"आवं सायेब, खडकापाशी बैल गुडघं टेकत्यात. काल गाडी मागं घरंगळली, दरीच्या कडंला अडली म्हणून वाचलो."

"बाई, कागदावर चढ बरोबर आहे."

"मग कागदावंच गाडी हाका की!"

भाऊसो चिडले. दोन्ही ठिपके त्यांनी खडकावरच ठेवले. "घ्या, खुद्द खडकापाशीचा चढ! अंतर शून्य, उंची शून्य. शून्याला शून्याने भागू?"

पांडुरंगा! एकाच ठिपक्यावर धरली तर मी कशीही फिरते, हे या शिकलेल्या माणसाला कळू नये?

"बैल हुबा करून चढ कळतो व्हय?" हरणाबाई म्हणाली. "पाऊल टाकाय लागतंय. पर लांब न्हाई, जवळ. आनि मग त्याच्याबी जवळ."

भाऊसो पुन्हा नकाशावर वाकले. दुसरा ठिपका खडकाकडे सरकवू लागले. दोनशे फुटांवर शंभराला सात. शंभरावर आठ. पन्नासावर साडेआठ. दहावर नऊला जरासे कमी. दर वेळी मी थोडी ताठ होत गेले, आणि शेवटी रेघेला नुसती टेकून राहिले. कीर्तनात बुवा चरणाचरणाने देवाजवळ नेतात, देव काही हातावर ठेवत नाहीत. तरी वाट कुठे चालली ते कळतेच ना? तसे ते नऊ: हाती आले नाही, पण आकडे तिकडेच चालले होते.

"खडकापाशी चढ नऊ," भाऊसो हळूच म्हणाले, आणि सही न करता त्यांनी टाक खाली ठेवला.

खडक फोडला, चढ उतरवला, गाडी वर गेली. नकाशावर नाव मात्र एकट्या भाऊसोंचे.

मित्रांनो, माझ्याने पाठी खाजवा, हरकत नाही. पण दूरचे दोन ठिपके जोडून मोकळे होऊ नका. आणि दुसरा ठिपका जवळ सरकवाल, तेव्हा हरणाबाईची आठवण काढा.