पाण्याची डावी

स्वयंपाकघरातला डावा खण उजवीकडे आहे.

*

क्रमांक नऊ. उंची एकसष्ट मीटर. पुलापासून दीड तासाचा चढ. पुलापुढे फोन लागत नाही.

*

एकतीस वर्षांच्या नोकरीतले त्याचे चौऱ्याऐंशी फोटो आहेत. सगळ्यांत मागे धबधबा, पुढे तो, हातात पाण्याची पातळी मोजायची पट्टी. एकाही फोटोत तो धबधब्याकडे बघत नाही.

*

"माझं नाव नाही छापलं, तर मी लिहिलंय हे सांगायचंही नाही कुणाला. शपथ आहे तुला."

"अहो, पण एवढं मनाला काय लावून घेता?"

"सांगितलं ना, शपथ आहे."

*

बाईंनी तेहेतीस वर्षं शाळेत मुलांचं शुद्धलेखन तपासलं. छापलेल्या अक्षराला चुकायची मुभा नसते, असं त्या म्हणत.

*

"बाकी सगळं समजलं, काका. एवढं नऊ नंबरचं सांगा," पर्यटन कचेरीतला कारकून म्हणाला. "रविवारी बायकोला घेऊन जावं म्हणतो. हे डाव्या काठाचं म्हणजे, वर चढताना आपल्या डाव्या हाताला, असंच ना?"

मोजणीदार खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो भांडायला आला होता. नदीखात्यात ओढ्यांचं आणि धबधब्यांचं पाणी मोजण्यात त्याची हयात गेली, म्हणून निवृत्त झाल्यावरही गावात त्याला सगळे मोजणीदारच म्हणत. पायी जाऊन बघण्याजोगे धबधबे कुठले, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कचेरीने त्याला विचारलं, त्याने अकरा निवडले, सहा महिने घालून पुस्तिका लिहिली. आणि छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर कचेरीचं नाव, मागे छापखान्याचं नाव, आत फोटो काढणाऱ्याचंसुद्धा नाव. त्याचं कुठेच नाही. तेव्हापासून तो घरात तोंड फुगवून होता.

"छे, छे," तो सवयीने म्हणाला. "डावा काठ म्हणजे पाण्याचा डावा. पाणी जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग आपला डावा हात तो डावा काठ. धरणाचा डावा कालवा, उजवा कालवा म्हणतात ना, तसं. साऱ्या खात्यात तसंच असतं."

कारकुनाने पेन खाली ठेवलं.

"पण काका, पाणी खाली येतंय. माणूस वर चाललाय."

भिंतीवरच्या घड्याळात दहाला वीस कमी होते.

मोजणीदाराने पुस्तिका ओढून घेतली. पान अठरा. मोठ्या खडकापाशी वाट फुटते. डाव्या काठाची वाट धरावी. उजव्या काठाने कदापि जाऊ नये, तिथला कातळ खालून पोकळ आहे.

त्याने ते दोनदा वाचलं. मग खुर्चीवरून उठून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, जणू खिडकी म्हणजे धबधबा. डावा हात बाजूला पसरला. मग सावकाश वळला, खिडकीकडे पाठ केली आणि पुन्हा डावा हात बाजूला पसरला. हात खोलीच्या दुसऱ्याच भिंतीकडे गेला.

"काका?"

"आमची ही आज तिकडेच गेलीय," तो म्हणाला. "नऊ नंबरला. पुस्तिका घेऊन."

*

त्याच्या बायकोच्या चालण्याच्या गटात तिच्यासह सहा बायका होत्या, त्यांत शाळेच्या बाई आणि एक नर्सही. रोज सकाळी तळ्याभोवती तीन फेऱ्या मारायच्या आणि सगळ्या जगाची उणीदुणी काढायची, एवढाच त्यांचा कार्यक्रम. धबधब्याची टूम तिनेच काढली. एकतीस वर्षं नवरा धबधब्यांना जात होता आणि तिने एकही पाहिला नव्हता. खात्याच्या जीपमध्ये घरच्यांना बसू देत नसत. त्यानंतर त्याचा गुडघा गेला.

पुस्तिकेतली चांगली वाक्यं तिची होती, हे त्या दोघांनाच माहीत होतं. लिहिताना ती समोर बसून विचारायची, "कसा दिसतो?" तो म्हणायचा, "एकसष्ट मीटर." ती म्हणायची, "अहो, दिसतो कसा? पडतो कसा?" तो डोळे मिटायचा, मग म्हणायचा, "मध्ये एक पायरी आहे. तिथे आपटतं आणि मग सुटतं." ती लिहायची: अर्ध्यावर येऊन पाणी क्षणभर थबकतं, आणि मग मनाचा हिय्या करून उडी घेतं.

"पाण्याला मन असतं होय?" तो विचारायचा.

"तुमच्यापेक्षा बरं असेल."

*

फोन लागला नाही. लागणार नाही हे त्यानेच पान अठरावर लिहिलं होतं. तरी तो गाडीत बसल्यापासून पुन्हा पुन्हा लावत होता. प्रत्येक वेळी एक बाई शांत आवाजात सांगायची की आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते.

गाडी कारकुनाची होती. साहेबांना न विचारता तो कचेरी सोडून निघाला होता.

"आत्ता कुठे असतील त्या?"

"बस नऊला पुलावर सोडते. पुलापासून खडक पंचावन्न मिनिटं."

"म्हणजे?"

"म्हणजे दहाला पाच कमी."

कारकुनाने गाडीतल्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला सात कमी होते. पूल अजून वीस मिनिटांवर होता. पंचावन्न मिनिटं त्याने स्वतःच्या पायांनी मोजली होती, गुडघा चांगला होता तेव्हा. बायका हळू चालतात, थांबतात, बाटल्या काढतात, फोटो काढतात, असं तो मनाशी म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं की आपलं मोजमाप चुकीचं निघावं.

"त्या वाटेचं काय होईल हो, नक्की?" कारकुनाने विचारलं.

"एकटा माणूस गेला तर कदाचित काहीच नाही. रांगेने गेले तर..." तो थांबला. "खालून पाण्याने पोखरलाय. वरून बघाल तर अंगणासारखा सपाट. कुणालाही तीच वाट बरी वाटावी."

वळणावर कारकून हळूच म्हणाला, "एक सांगू, काका? रागावू नका. तुमचं नाव नाही छापलं, ते बरंच झालं म्हणायचं."

मोजणीदार पायाशी बघत राहिला. गेला महिनाभर तो ज्याच्यासाठी भांडत होता, त्याची किंमत अशी एका वाक्यात उलटी झाली होती. आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं.

*

पुलाच्या पुढे दोनशे पावलांवर त्याची पट्टी होती. पाण्याची पातळी दाखवणारी, काठावर रोवलेली, आकडे पुसट झालेली. तिथवर तो कारकुनाच्या खांद्याला धरून चढला. त्यापुढे गुडघा येईना.

"तुम्ही बसा. मी पळतो वर," कारकून म्हणाला.

"खडकापाशी उजवीकडे. चढताना तुमच्या उजव्या हाताला. कळलं? तुमच्या."

"माझ्या," कारकून म्हणाला आणि पळत सुटला.

सवयीने मोजणीदाराने पट्टी वाचली. शून्य पूर्णांक बेचाळीस. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

कारकून दिसेनासा झाला, त्यानंतर थोड्याच वेळात वरून पावलं वाजली. गटातली नर्स उतरत होती. केस सुटलेले, एका कोपराला खरचटलेलं. तिने त्याला ओळखलं, पण तो इथे कसा, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

"पुलावर फोन लागतो ना? बाई पडल्या."

"कोण?"

"बाई हो!"

"कुठल्या बाई?" तो ओरडला. "कुठल्या?"

"शाळेच्या. खुबा गेलाय बहुतेक. कातळ खचला एकदम, त्यांच्या पायाखालचाच. मी मागे होते म्हणून वाचले."

"आणि आमची...?"

"त्या धडधाकट आहेत. बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यात. सरका, जाऊ द्या मला."

ती गेली. मोजणीदार पट्टीला धरून उभा राहिला. आमची धडधाकट आहे, हे कळल्यावर त्याला जो आनंद झाला, तो बाईंच्या मोडलेल्या खुब्यावर पाय देऊन आला होता. तो आनंद त्याला आवरता आवरेना, आणि लपवताही येईना. बरं तर बरं, तिथे बघायला कुणी नव्हतं.

*

दीड वाजता चार माणसांनी बाईंना स्ट्रेचरवरून खाली आणलं. कारकुनाने एक कोपरा धरला होता. मागे बाकीच्या बायका, आणि शेवटी त्याची बायको, बाईंची आणि स्वतःची पिशवी खांद्याला अडकवून.

बाई शुद्धीवर होत्या. चेहरा राखेसारखा झाला होता, पण तोंड थांबलं नव्हतं. उजव्या हातात गुंडाळी केलेली पुस्तिका होती.

"छापलंय!" त्या स्ट्रेचर धरणाऱ्यांना सांगत होत्या. "डाव्या काठाची वाट धरावी. शुद्ध, ठळक अक्षरात. एक वेलांटी चुकलेली नाही संबंध पुस्तकात. आणि अर्थ मात्र उलटा! कोण हा शहाणा? नाव तरी घालायचं होतं मेल्याने, नाव सांगायची लाज वाटली होय?"

माणसांनी दम खायला स्ट्रेचर पट्टीपाशी टेकवलं. कारकुनाने मोजणीदाराकडे बघून मान किंचित हलवली. नको, अशी. ती मागे उभी होती. तिने मान हलवली नाही. ती नुसती बघत होती.

"बाई," मोजणीदार म्हणाला. "मी."

"काय मी?"

"मी लिहिलंय ते."

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"डावा हात वर करा."

त्याने केला.

"हा डावा?"

"हो."

"मग?"

"पाण्याकडून बघितलं, बाई. पाण्याचा डावा लिहिला. सवय होती."

"चालणार कोण होतं?" बाईंनी विचारलं. "पाणी?"

त्याचा हात अजून वरच होता.

"करा तो खाली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. कळ आली होती. "चला हो, उचला मला."

*

गाडीत मागच्या सीटवर ते दोघंच होते. ती म्हणाली, "मला कळलं होतं खडकापाशी. तुमची डावी उजवीकडे असते. घरात खणाला हात घालते तेव्हा रोज कळतं मला. नळाला पाठ लावून डावं-उजवं सांगणारा माणूस दुसरा कोण असणार?"

"मग त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हटलं, बाई, माझं ऐका, हे उलटं आहे. त्या म्हणाल्या, तुम्हाला कसं माहीत? छापलेलं खोटं आणि तुम्ही खऱ्या? चौघी माझ्या बाजूने आल्या, त्यातली नर्स बाईंना सोबत म्हणून मागे वळली." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लिहिणारा माझ्या घरात राहतो, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. बाई तिथल्या तिथे वळल्या असत्या."

त्याला शपथ आठवली.

"धबधबा बघितलास?" त्याने विचारलं.

"नाही. आवाज ऐकला नुसता. मग दुसरा आवाज झाला."

*

बाईंचा खुबा जुळायला पाच महिने लागले. चालण्याच्या गटात त्या परत आल्या नाहीत. काठी घेऊन गॅलरीत येत आणि तळ्याकडे बघत बसत. मोजणीदार दर आठवड्याला त्यांच्याकडे जाई. बाई त्याला बसायला सांगत, चहा देत, आणि त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नसत. त्याला शिव्या चालल्या असत्या.

पुस्तिकेच्या बाराशे प्रती कचेरीत पडून होत्या. साहेबांनी शुद्धिपत्र चिकटवायचं ठरवलं. मजकूर मोजणीदाराने लिहून नेला. कारकुनाने वाचला आणि म्हणाला, "काका, शेवटची ओळ काढू या. शुद्धिपत्रावर कुणी नाव घालत नाही."

"घाला."

"लोक वाचतील हो. फुकट बोभाटा."

"वाचू देत. घाला."

चिठ्ठी तीन बोटं रुंद होती. पान अठरा, ओळ चौथी व पाचवी. 'डाव्या काठाची' ऐवजी 'चढताना उजव्या हाताची' आणि 'उजव्या काठाने' ऐवजी 'चढताना डाव्या हाताच्या वाटेने' असे वाचावे. चूक लेखकाची आहे. खाली त्याचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. संबंध पुस्तिकेत ते तेवढ्या एकाच ठिकाणी आलं.

चिकटवायचं काम दोघांनी घरी आणलं. टेबलावर गठ्ठे मांडले. ती चिठ्ठी लावायची, तो अंगठ्याने दाबायचा. तिसऱ्या दिवशी गोंद संपला.

"दुसरी बाटली कुठाय?" तिने उठत विचारलं.

"डाव्या..." तो म्हणाला, आणि थांबला. उठला, तिच्या शेजारी जाऊन तिच्यासारखाच नळाकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हातांकडे बघितलं. "तुझ्या उजव्या हाताला," तो म्हणाला.

तिने खण उघडला. बाटली तिथेच होती.

*

नऊ नंबरला निघाली त्या दिवशी सकाळी साडेसातला दारात बूट घालताना तिने विचारलं होतं, "अहो, नऊ नंबरला डावी म्हणजे तुमची की माणसांची?" तो पेपर वाचत होता. तो म्हणाला होता, "डावी म्हणजे डावी."