अजयचे थेंब आणि माझं खतखतं

मागच्या श्रावणात आमच्या गोव्यातल्या चोपड्याच्या घरात अजय भाड्याने राहायला आला. मुलगा कोल्हापूरचा, कंपनीचं काम खोलीत बसूनच करायचा. त्याची एक इवलीशी बाटली आमच्या फ्रीजमध्ये असे. दर तिसऱ्या दिवशी सकाळी जिभेवर एक थेंब घ्यायचा. मी समजले, होमिओपॅथी. तिला कांदा-लसूण चालत नाही, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून थेंबाच्या दिवशी मी त्याला खतखतं वाढायची. पाच-सात भाज्या, तूरडाळ, तिरफळं, कांद्याचं नाव नाही.

दिवाळीपासून पठ्ठ्या बोटं चाटायला लागला. "काकू, लई भारी! खानावळ काढा!"

माझ्या मनातलंच बोलला. धारगळला हायवेवर आमचं दुकान बंद पडलेलं. पण आमचे हे, सगुण, म्हणायचे, "घरच्यांनी वाखाणलेलें कोण धरता? भायल्या मनशान म्हणूंक जाय." आता बाहेरचा माणूसच म्हणत होता. ह्यांनी दुकानाची किल्ली मला दिली.

परवा अजयला प्रमोशन मिळालं. रात्री दोघांना वाढताना मी त्याला म्हटलं, "तुज्या वखदाचो बरो गुण आयला रे."

तो हसला. "औषध न्हवं ते काकू, एलएसडी. नशेचंच, पण इतकं थोडं की नशा चढत न्हाई. नुसतं सगळं छान वाटतं. काम छान, आभाळ छान, तुमचं खतखतं..." आणि जीभ चावली.

म्हणजे मेली ती तारीफ नशेची! ह्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मला रडू फुटलं.

आणि रडता रडता आठवलं. गणेशचवथीच्या आधी फ्रीज पुसताना ती बाटली लवंडली होती. सगळं सांडलं. होमिओपॅथी म्हणजे तरी पाणीच की, म्हणून मी बाटली लोणच्याच्या बरणीसारखी उकळून, उन्हात वाळवून, विहिरीचं पाणी भरून ठेवली. लाजेने कुणाला बोलले नव्हते. आता सगळं सांगून टाकलं.

अजयचा घास हातातच राहिला. "म्हणजे चवथीपासून मी विहिरीचं पाणी पितोय? आणि माझं प्रमोशन?"

"तें तुजें," मी डोळे पुसत म्हटलं. "आनी खतखतें म्हजें. असली वस्तू परत घरांत हाडशी जाल्यार मात खबरदार!"

ह्यांनी हात मागे घेतला आणि पान पुढे केलं. "वाड मगे आनीक इल्लें."