काउंटरामागची मुलगी

मसाका शहरातलं नवं ग्रंथालय सेमाकुलाने अगदी जीव ओतून उभारलं होतं. पुस्तकं तर होतीच, पण त्याचा सगळा जीव अडकला होता मधल्या छोट्या खोलीत. म्हाताऱ्या माणसांनी तिथं बसून कहाण्या सांगायच्या आणि त्या इंटरनेटवरून जगात कुणालाही ऐकता याव्यात, असा बेत. पहिली कहाणी त्याच्या आजीची, जज्जाची. हल्ली तिला धाप लागे. तिच्याबरोबर सगळ्या कहाण्याही जातील, म्हणून त्याला घाई होती.

ठरल्या दिवशी जज्जा ठेवणीतला पायघोळ गोमेसी झगा घालून आली आणि दारातूनच परत गेली. शेजारणीबरोबर निरोप धाडला, "स्वागताला मशीन ठेवलंय, माणूस नाही. मी काही यायची नाही."

सेमाकुला तणतणत काउंटरवरच्या नालुबेगापुढे उभा राहिला. "तू कुठं उलथली होतीस?"

"इथंच होते, दादा! जज्जा दिसल्या तशी गुडघे टेकून विचारपूस केली. त्यांना कमी ऐकू येतं ना..."

"परत कर बघू."

ती गुडघ्यांवर बसली आणि गायबच झाली. दिसत राहिला नुसता संगणक. छातीएवढं उंच काउंटर सेमाकुलाने परदेशी मासिकात पाहून हौसेनं करून घेतलं होतं. थोरांपुढे गुडघे टेकतच हा लहानाचा मोठा झाला, आणि गुडघे टेकलेलं माणूस केवढं असतं तेच विसरला! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सुताराला बोलावून त्याने काउंटर कापून घेतलं. मग जज्जाच्या अंगणात जाऊन गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं.

"अरे गाढवा!" हसता हसता जज्जाला खोकला आला. "आणि मी त्या गुणी पोरीला, जागेवर नसते म्हणून, गावभर नावं ठेवत फिरले की रे!"

दुसऱ्या दिवशी ती आली. नालुबेगाने गुडघे टेकले. दोघींचं खुशाली विचारणं बराच वेळ चाललं. मग खोलीत जज्जाने खुर्ची नाकारली, चटईवर बसली. सेमाकुलाने माईक खाली आणला.

"मी गेल्यावरसुद्धा हे बोलेल?"

"बोलेल, जज्जा." त्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

तिने माईककडे तोंड केलं. "पोरांनो, तुम्ही विचाराल, आजी, कशी आहेस? माझं उत्तर यायचं नाही. म्हणून माझ्यासारखं रुसून जाऊ नका. बसा."