थंड झाकण

श्वास घेताना तुळशीच्या बरगड्यांमध्ये खळगा पडत होता. कोकिळा पहाटेपासून तो खळगाच पाहत बसली होती. आठ महिन्यांची पोर मांडीवर निखाऱ्यासारखी तापलेली, आणि सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर तिच्यापुढे अजून एक म्हातारा होता.

तालुक्याचे डॉक्टर मंगळवारीच येत. काल त्यांनी नळी लावून न्यूमोनिया सांगितला, पेनिसिलिनची पहिली सुई स्वतः टोचली, आणि उरलेल्या चार कंपाउंडर गुणाजीवर सोपवून पुढच्या गावी गेले. गुणाजी भला माणूस. दवाखाना उघडला तेव्हा घरोघर फिरून, शिव्या खाऊन त्यानं लोकांना भगताकडून इकडे वळवलं होतं.

कोकिळा मुंबईत इंटरपर्यंत शिकलेली. नवरा तिकडेच गोदीत कारकून, आणि ती खाडीकाठच्या या मिठागरवाल्यांच्या गावात. तिच्या बघण्याची घरात चेष्टा चाले. "आमची सून दूध घेते ती गवळ्याच्या तोंडाकडं बघून," असं तिची चुलतसासू ठमाबाई गावभर सांगे. आज सोबतीला तीच आली होती.

पायाला चिघळलेली जखम असलेला म्हातारा सुई घेऊन लंगडत बाहेर पडला. कोकिळा आत गेली. गुणाजीनं सुईची पिचकारी पाण्यातून काढून ती उकळायच्या लांबट डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. मग पेनिसिलिनची बाटली हुडकायला कपाटाकडं वळला.

"उकळलेली आहे ना, गुणाजीदादा?"

"व्हय तर, वयनी. आत्ताच चुलीवरनं उतरवलाय डबा."

असं म्हणत तो परत आला, उघड्या बोटांनी झाकण उचललं आणि अंगठा डब्याच्या काठावर टेकवून चिमटा शोधू लागला.

कोकिळा त्या अंगठ्याकडे बघत राहिली. चुलीवरून उतरवलेल्या भांड्याला कुणी असा हात लावतं? विचार करायच्या आधीच हात पदराकडे जातो. गुणाजीचा अंगठा मात्र ओट्यावर टेकावा तसा निवांत टेकला होता.

बोलावं तर भल्या माणसाचा चारचौघांत अपमान. न बोलावं तर त्या म्हाताऱ्याची सुई तुळशीच्या अंगात. आणि घरी परत न्यावं, तर हा श्वास उद्यापर्यंत टिकेल याची हमी कोण देणार?

तिनं हात पुढे केला आणि तळवा डब्यावर ठेवला. डबा थंडगार होता.

"काय गो, हात कशाला घातलास?" ठमाबाई म्हणाली.

मागं ओसरीवर खोळंबलेल्यांपैकी कुणीतरी दारातून हसलं. "शिकलेली हाय ती! तपासणीला आलीय, कलेक्टरीण!"

गुणाजीचे कान तांबडे झाले. तो खाली वाकून पुटपुटला, "हळू, वयनी. पावसानं रेवसची लाँच बंद झाली, तेव्हापासून स्टोला रॉकेल न्हाय. सकाळी एकदा लाकडावर उकळतो. मग दिवसभर पाण्यात बुचकाळून..."

"सगळ्यांना तीच?"

त्यानं होकाराची मान हलवली. "खरं सांगितलं तर उद्या इथं कुत्रं फिरकायचं न्हाय. पाच वर्षं लागली मला यांना ओसरीवर आणायला."

तो वाईट असता तर कोकिळेला भांडता आलं असतं. त्याचं म्हणणं तिला कळत होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"चूल पेटवा," ती म्हणाली. "मी थांबते."

"अर्धा तास जाईल. लाकडं ओली हायत. पोरीचा दम बघा..."

"बघतेय, दादा. सकाळपासून तेच बघतेय."

ठमाबाईला सगळं ऐकू आलं नव्हतं. पण सुनेचं तोंड आणि ओली लाकडं तिनं पाहिली. पावसात डोक्यावर पोतं घेऊन ती घरी गेली आणि पदराआड चुलीसाठी सुक्या शेणी घेऊन आली.

जाळ लागला. ओसरीवर कुरकुर सुरू झाली. "काय रे गुणाजी, जेवण शिजवतोस का आत?"

गुणाजी दारात आला. काहीही सांगून त्याला वेळ मारून नेता आली असती. त्यानं एकदा कोकिळेकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही.

"सुई दिवसातून एकदाच उकळत होतो," तो म्हणाला. "चुकलो. आता दर माणसाला उकळीन. वेळ लागंल. थांबायचं त्यानं थांबा."

मग कडेवर मूल घेतलेली रंगू उठून उभी राहिली. "परवा माझ्या पोराला टोचलीस ती?"

"तशीच."

त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. रंगूनं मात्र कोकिळेकडेच असं पाहिलं, की जणू पाप हिनंच केलं. एकजण थुंकून पायरी उतरला, त्याच्यामागे आणखी तिघं. आता ही माणसं पुन्हा भगताकडं जाणार, हे कोकिळेला पक्कं ठाऊक होतं.

पाणी खळखळलं. गुणाजीनं कापडानं झाकण काढलं, चिमट्यानं पिचकारी जुळवली आणि ती निवेपर्यंत धरून ठेवली. सुई टोचताच तुळशी छातीत दम नसतानाही रडली.

"चल आता घरी," ठमाबाई म्हणाली. "पोरीला ऊब पायजे."

"थोडं थांबू, काकी. सुईनंतर हिला काही होतंय का, तेही बघायला हवं."

ती तुळशीला छातीशी गुंडाळून ओसरीवर रंगूच्या शेजारी बसली. रंगूनं तोंड फिरवलं. आत गुणाजी पिचकारी धुऊन पुन्हा डब्यात ठेवत होता.

तोंड न वळवताच रंगूनं विचारलं, "खरंच उकळलं? बघितलंस तू?"

"बघितलं. पण माझ्या शब्दावर नको जाऊस. तू स्वतः बघ."

रंगू पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन उठली आणि आत जाऊन चुलीपाशी उभी राहिली.