ओपलला नदीवर जायचंय

माझ्या थोरल्या बहिणीला एखादी गोष्ट करू नकोस म्हणावं आणि तिने ती केली नाही, असं आमच्या घरात कधी घडलेलं नाही. नेब्रास्कातल्या आमच्या शेतावर आई म्हणायची, "कोठाराच्या छपरावर चढू नका गं," आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ओपल छपरावर असायची. आता ती चौऱ्याहत्तरची आहे. हृदयातली एक झडप डॉक्टरांनी बदलली, स्वभाव मात्र मूळचाच आहे.

म्हणून ती माझ्याकडे राहायला आली असताना, जूनमधल्या त्या संध्याकाळी जेवताना, बटाट्यावर लोणी फासत ती शांतपणे म्हणाली, "उद्या मी नदीवर जाऊन येणार. एका दिवसात," तेव्हा माझा घास तोंडातच राहिला.

नदी म्हणजे कोलोरॅडो. आमचं गाव ग्रँड कॅन्यनच्या अगदी काठावर आहे, आणि नदी इतकी खाली की कड्यावरून ती धड दिसतही नाही. उतरताना सगळेच वाघ असतात. चढताना जीव निघतो. दुपारी खालचा दगड असा तापतो की त्यावर हात ठेववत नाही. हे मला कुणी सांगायला नको, कारण उन्हाळाभर मी त्याच वाटेवर स्वयंसेविका म्हणून उभी असते. अंगात खाकी शर्ट, कमरेला रेडिओ, पाठीवर जादा पाणी आणि खारे शेंगदाणे. खाली निघालेल्या माणसाला विचारायचं, कुठपर्यंत जाणार? पाणी किती घेतलंय? खायला काय आहे? परत कधी येणार? आमच्या कामाचा नियम एकच, कुणाला अडवायचं नाही. राष्ट्रीय उद्यान आहे, दरी सगळ्यांची आहे. फक्त असं विचारायचं की माणूस आपणहून म्हणेल, चला, इथूनच मागे फिरू.

माझ्यासारख्या तापट बाईला हे काम कुणी दिलं, देव जाणे. पहिल्या वर्षी भर उन्हात रिकाम्या हाताने निघालेल्या एका गृहस्थाला मी "मरायचंय का तुम्हाला?" असं विचारलं होतं. तोही प्रश्नच होता, पण आमच्या साहेबांना काही तो पटला नाही.

तर जेवणाच्या टेबलावर मी तोंड उघडलं आणि माझ्या नवऱ्याने, डेलने, खालून माझ्या नडगीवर बूट हाणला. मी पाणी प्यायले.

"छान," मी म्हणाले. "उद्या माझी पाळी वाटेवर तीन मैल खालच्या निवाऱ्यापाशी आहे. तिथपर्यंत बरोबरच जाऊ."

ओपलने सुरी खाली ठेवली. "एवढंच? ओरडणार नाहीस?"

"मी कशाला ओरडू?"

डेलला ठसका लागला.

ती आंघोळीला गेल्यावर तिच्या मुलाचा, केंटचा, फोन आला. "ट्रूडी मावशी, आई भलतंच काहीतरी बोलतेय. तू थांबव तिला. तिने गळ्यातलं बटण तरी घातलंय ना?"

ते बटण माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या डबीशेजारी पडलं होतं. पडलं-झडलं तर दाबायचं, म्हणजे लगेच मदत येते. मर्ल, म्हणजे ओपलचा नवरा, गेल्या वर्षी वारला. तेव्हापासून मुलांनी मायेनेच तिच्या गाडीची किल्ली काढून घेतली, शेगडी बदलून विजेची आणली, आणि हे बटण तिच्या गळ्यात अडकवलं. या बाईने तीस वर्षं सरकारी कचेरीत गाडी चालवायच्या परीक्षा घेतल्या. अर्ध्या जिल्ह्याला तिने एकदा तरी नापास केलंय. आता तिला चर्चला जायचं तर कुणीतरी न्यायला यावं लागतं.

"केंट, मी थांब म्हटलं तर ती नदी पोहून पलीकडच्या काठावर जाईल," मी म्हणाले.

"मग काहीही कर, पण तिला वर आण."

त्याचा आवाज रडवेला झाला होता. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती. मला स्वतःला काय कमी भीती वाटत होती? माझी एकच बहीण आहे.

पहाटे निघालो तेव्हा अंधार होता. थंडी इतकी की दोघींनी लोकरीच्या टोप्या घातल्या होत्या. डोक्याला दिवे बांधून, खेचरांच्या तबेल्यावरून आम्ही वाटेला लागलो. वळणावळणावर खेचरांच्या मुताचा वास येतो तिथे, सवय नसलेला माणूस नाक धरतो. ओपलने मात्र दीर्घ श्वास घेतला.

"आपल्या घरच्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

मी पुढे, ती मागे. मग ती पुढे, मी मागे, कारण मी म्हणे मुद्दाम हळू चालत होते. खरं तर माझा डावा गुडघा मला तसंच चालू देतो. तो बदलायचाय, पानगळीत तारीख मिळाली आहे. गेली दोन वर्षं मी तीन मैलांच्या खाली उतरलेलीच नाही.

उजाडायला लागलं तसा समोरचा कडा आधी राखाडी, मग पिवळट, मग तांबूस होत गेला. खालून एक खेचरांची रांग वर आली. आम्ही डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभ्या राहिलो. पहिल्या खेचरावरच्या माणसाने हॅट उचलली.

"गुड मॉर्निंग, ट्रूडी. आज ओरडायला सुरुवात नाही केली अजून?"

"बहिणीसमोर सभ्यपणे वागतेय," मी म्हणाले.

"एवढा वेळ? मग तुमची तब्येत बरी दिसत नाही," असं म्हणून तो वर निघून गेला, आणि ओपल अशी हसली की तिला कड्याला टेकावं लागलं. मर्ल गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि त्यानेच माझं काम आणखी अवघड झालं. चेहऱ्यावर वर्षभराने कळा आलेल्या बाईला घरी चल कसं म्हणायचं?

दीड मैलांच्या निवाऱ्यापाशी मी नुसतंच विचारलं, "दम लागला का?"

"तुला?"

"थोडा."

"मग बस. मी थांबते तुझ्यासाठी."

ती थांबली, सँडविचचा तुकडा खाल्ला, आणि उठून खालच्या वाटेला लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'जाऊ नकोस' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी मूठभर शेंगदाणे तोंडात कोंबले.

तीन मैलांच्या निवाऱ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन खालच्या कड्यांवर उतरलं होतं. हवेतला गारवा गेलाच होता. तिथे नळ आहे, सावली आहे, आणि तिथून खाली बघितलं की वाट वळणं घेत हिरव्या झाडांच्या पुंजक्याकडे जाते. नदी त्याच्याही पुष्कळ पुढे. ओपल लोकरीची टोपी काढून उन्हाची घालून बाटली भरत होती. मी खाकी शर्ट नीट केला आणि कामाला लागले.

"बाई, कुठपर्यंत जाणार?"

ती हसली. "नदीपर्यंत."

"पाणी?"

तिने तीन बाटल्या दाखवल्या. आणि खालच्या त्या झाडांच्या पुंजक्यात पुन्हा नळ असल्याचंही सांगितलं.

"खायला?"

खारी बिस्किटं, चीज, सँडविच, आणि वर काकडीच्या लोणच्याचं पाणी, छोट्या बाटलीत. घामाने मीठ जातं म्हणून. हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"परत कधी येणार?"

"दुपारभर नदीकाठी सावलीत बसणार, ऊन कललं की निघणार, अंधार पडल्यावर वर येणार. दिवा आहे." तिने पिशवीचं तोंड बांधलं. "ट्रूडी, असे प्रश्न मी तीस वर्षं विचारले. समोरच्याला नापास करायचं आधीच ठरलं असलं की माणूस असं गोड बोलतो. सांग, मी कुठे चुकले?"

ती कुठेच चुकली नव्हती. तिची झडप, तिचं वय आणि परतीची ती उभी चढण, यांच्यासाठी आमच्याकडे प्रश्नच नाही. ती गेली असती तर मी तिला कायद्याने, नियमाने, कशानेच थांबवू शकले नसते. आणि जाऊ नकोस म्हटलं असतं तर ती पळतच गेली असती.

मी रेडिओ काढला आणि वर साहेबांना कळवलं, की मी आजची पाळी सोडतेय, दुसरं कुणी पाठवा. मग नळाखाली माझ्या बाटल्या भरायला लागले.

"तू कुठे निघालीस?" ओपल म्हणाली.

"तुझ्याबरोबर."

"तुझ्या गुडघ्याचं काय?"

"तोही येईल."

"नाटकं नकोत, ट्रूडी."

"नाटक नाही गं." माझा आवाज चढला, मग एकदम बसला. "मला तुला अडवायचं नाहीये. जायचं तर जा. पण इथे बसून तुझी टोपी लहान लहान होत जाताना बघायची माझी छाती नाही. मला भीती वाटतेय. मग खाली वाटू दे, तुझ्याबरोबर."

हे मी ठरवून बोलले नव्हते. खरोखरच जाणार होते. गुडघ्याचं काय होईल ते मला ठाऊक होतं. वर यायला मला बहुधा दोन दिवस लागले असते किंवा खेचर लागलं असतं. पण त्या क्षणी ते सोपं वाटलं.

ओपल माझ्याकडे बघत राहिली. टोपीच्या कडेखालून, परीक्षेत शेजारच्या सीटवर बसलेल्या पोराकडे ती तीस वर्षं बघायची तसं.

"खाली बस," ती म्हणाली. "उकिडवी."

मी बसले.

"आता उठ. हात न टेकता."

मी उठायला गेले. गुडघ्यातून असा आवाज आला की शेंगदाण्यांवर टपून बसलेली खार पळाली. मी अर्ध्यातच अडकले आणि ओपलने बगलेत हात घालून मला उभी केली.

"नापास," ती म्हणाली. "साफ नापास. आणि ही बाई नदीवर निघालीय! चल, आधी वर हो."

"आणि तू?"

"तुला एकटीला सोडू या चढावर? काहीतरीच बोलतेस." ती वरच्या वाटेकडे वळलीसुद्धा. मी डोळे पुसले ते तिला दिसू नयेत म्हणून नळाखाली तोंड धुतलं, शर्ट ओला करून घेतला, तिचाही करून दिला.

पण खरी परीक्षा तिथून पुढे होती. दीड मैलांच्या निवाऱ्याच्या थोडं खाली ओपलची चाल बिघडली. दहा पावलं चालायची आणि थांबायची. मग पाच. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला कपारीच्या सावलीत बसवलं, मानेवर ओला रुमाल ठेवला, लोणच्याचं पाणी दिलं. तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात रेडिओवर आवाज आला, सगळं ठीक आहे का, माणसं पाठवू का? माझं बोट बटणावर गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतः न ठरवता तिला विचारलं.

"ओपल, काय सांगू त्यांना? बोलवायचं का कुणाला?"

तिने डोळे उघडले.

"जरा वेळ बसू म्हणावं. मग कळवते," ती म्हणाली. "छातीत दुखत नाहीये. दुखलं तर सांगेन. लपवणार नाही."

मी रेडिओवर तसंच कळवलं आणि आम्ही बसलो. खालून गरम वारा यायला लागला होता. दोनतीन तरुण धापा टाकत वर गेले. एका मुलीने आम्हाला बर्फ दिला, तिच्या थर्मासमधला. हळूहळू ओपलच्या गालांवर रंग आला. तिने बिस्किट मागितलं आणि खारं आहे म्हणून तक्रार केली. तक्रार ऐकली आणि माझा जीव भांड्यात पडला. माणूस तक्रार करायला लागला की तो जगणार.

"नदीवरून इथपर्यंत नसते आले मी," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी निघाली होतीस."

मी तिला हात देऊन उठवलं. निवाऱ्यावर पुन्हा नळाखाली भिजलो आणि उरलेली चढण एकमेकींच्या कुबड्या होऊन चढलो. कधी ती मला ओढत होती, कधी मी तिला. वर पोहोचलो तेव्हा डेल गाडीपाशी उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि टोपी काढून तोंडावर धरली. तो रडत होता, गधडा.

केंटचा फोन तिनेच घेतला. "हो, वर आलेय. तुझ्या मावशीला आणावं लागलं. तिचा गुडघा कामातून गेलाय, खाली पडली असती कुठेतरी. हो, मीच मागे फिरवली तिला." मी ऐकत होते, आणि एक शब्दही खोडला नाही. "नाही, बटण नव्हतं. माणूस होतं बरोबर. ठेव आता."

मग ती काठावरच्या दगडी भिंतीवर बसली. समोर अख्खी दरी उन्हात धगधगत होती. मी तिच्या शेजारी बसले.

"मर्ल गेल्यापासून मी काहीही म्हटलं की सगळे एकच म्हणतात," ती दरीकडे बघत म्हणाली. "नको. जाऊ नको, करू नको, चालवू नको. तूही तेच म्हणणार हे मी धरूनच चालले होते. काल रात्रभर त्याचं उत्तर जुळवत होते. मी येते, असं कुणी म्हणेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला माझ्याकडे उत्तरच नव्हतं, ट्रूडी."

आणि माझी बहीण, जिला आईच्या दफनविधीतही कुणी रडताना पाहिलं नव्हतं, माझ्या ओल्या खाकी शर्टात तोंड खुपसून रडायला लागली. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.