डबलबेल

“भिंतच पुढे आली होती गं,” डबलबेल म्हणाले. पाठीमागून उत्तर आलं नाही. गाडी घाट चढत राहिली.

डबलबेल म्हणजे सिटी बसचे निवृत्त ड्रायव्हर. कंडक्टरने दोनदा घंटी मारल्याशिवाय त्यांनी कधी बस हलवली नाही. डेपोला आग लागली तेव्हाही ते घंटीची वाट बघत बसले होते असं सांगतात. आग लहान होती, नाव मात्र कायमचं पडलं. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस घेऊन सुताराकडून आत पलंग, ओटा आणि कपाटं बसवून घेतली. समुद्रकाठची छोटी गावं आटोपून नवराबायको आता डोंगराकडे वळली होती. घंटीची सोय नव्हती, म्हणून बायकोने मागून दोनदा टकटक केलं की निघायचं, असा कायदा होता. घाटातली वळणं तिला बघवत नसत. मधला पडदा ओढून ती मागे आडवी व्हायची. आज पंपावर टाकी भरली, मागून टकटक ऐकू आली आणि ते निघाले.

सकाळी बंदराच्या गल्लीतून निघताना गाडी एका भिंतीला घासली होती. एवढी भिंत दिसली कशी नाही, असं विचारून बायको गप्प झाली होती. तिच्या अबोल्याचे प्रकार त्यांना पाठ होते. एक चहापर्यंतचा, एक जेवणापर्यंतचा आणि एक तिचा भाऊ घरी येईपर्यंतचा. हा तिसरा वाटत होता आणि भाऊ तर परगावी.

म्हणून ते बोलत राहिले. आधी दोष भिंतीचा होता, मग नगरपालिकेचा. मग त्यांनी चक्क माफी मागितली. माफी ऐकूनही पडदा हलला नाही.

डाव्या हाताला दरी होती. रस्त्याचा पांढरा पट्टा सरळ असायला हवा होता, तो वाकडा चालला होता. समोरच्या झाडांना वर फांद्या होत्या, खाली मुळं होती, मधे खोड नव्हतं. त्यांनी काच पुसली. डाग काचेवर नव्हता.

“ऐक,” ते म्हणाले. “डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले असं सांगितलं होतं ना मी, ते खोटं. ते म्हणाले, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. समोर बघितलं की मधोमध काही दिसत नाही. तुझं तळ्याचं गाव तेवढं करायचं आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं.”

बायको नर्स होती. तिच्या वॉर्डात तळ्याकाठच्या एका डोंगरगावाचं कॅलेंडर होतं. वर्ष उलटलं, पुढची कितीतरी उलटली, तरी तिने ते उतरवू दिलं नव्हतं. ते गाव या घाटाच्या पलीकडे होतं.

पडद्यामागे दोघांत एकच असलेला बायकोचा फोन वाजला. वाजत राहिला. एवढं ऐकून ती रडत असणार, असं वाटून त्यांनी रस्ता रुंद झाला तिथे गाडी थांबवली आणि पडदा सारला. पलंगावर चादरीची नीट घडी होती. घडीवर फोन होता. त्यांनी तो उचलला.

“मी बोलतेय,” बायको म्हणाली. “पंपाशेजारच्या औषधाच्या दुकानातून. तुम्ही कुणाला घेऊन चाललाय?”

उलटीच्या गोळ्या घ्यायला ती उतरली होती आणि अबोला बाजूला ठेवून उतरतेय असं ओरडून सांगितलंही होतं. पण तू टकटक केलंस, असं ते म्हणणार तेवढ्यात वाऱ्याने ओट्यावरच्या कपाटाचं दार दोनदा आपटलं. त्याची कडी बसवायची कधीपासून राहिली होती.

“आलोच,” ते म्हणाले.

येताना घाट चढ होता, आता उतार. कोंबडीसारखी मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघितलं की रस्ता दिसे, पण वळण आलं की मान सवयीने सरळ होई. एका वळणावर रिकाम्या रस्त्यातून अचानक एक स्कूटर उगवली. पुढे नवरा, मागे बायको. स्कूटर चाकाजवळून खडीत घसरली, सावरली आणि नवऱ्याने डबलबेलच्या दिवंगत वडिलांची सविस्तर आठवण काढली. ते ऐकून घेत राहिले. पाय ब्रेकवरून निघेना. मागच्या बाईचा चेहरा त्यांना शेवटपर्यंत दिसला नव्हता. बाकीचा घाट त्यांनी पायी चालणाराही पुढे निघून जाईल अशा बेताने उतरला.

बायको दुकानासमोर खोक्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. चढली ती पुढच्याच सीटवर बसली. पुन्हा मागे जाऊन विसरली जायची हौस नाही, म्हणाली.

“एवढा वेळ मी गप्प आहे, तुम्हाला शंका नाही आली?”

“बरं वाटत होतं.”

ती हसली. सकाळचा अबोला तिथेच मोडला. आता निघालो तर उजेड आहे तोवर तळं दिसेल, असं म्हणत तिने गोळी तोंडात टाकली, पट्टा लावला आणि डोळे मिटून म्हणाली, “चला.”

त्यांना आता काहीच सांगायची गरज नव्हती. एकदा सांगून झालं होतं, ऐकायला कुणी नव्हतं ही काही त्यांची चूक नव्हती. त्यांनी किल्लीला हात लावला आणि काढून घेतला.

“मला भिंत दिसली नव्हती,” ते म्हणाले. मग उरलेलं सांगितलं. वर घाटात सोपं गेलं होतं.

तिने आरडाओरडा केला नाही. कुठला डोळा, कधीपासून, रेघा वाकड्या दिसतात का, असं वॉर्डातल्या आवाजात विचारलं. एकेका डोळ्यावर तळहात धरून त्यांना समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावली. पहिलं अक्षर आलं, शेवटचं आलं.

“आणि असे एकटे घाट उतरून आलात?”

“तू खाली होतीस ना.”

तिने काचेतून एकदा डोंगराकडे बघितलं. मग पट्टा सोडून उठली. पुढच्या काचेचे पडदे ते फक्त मुक्कामाला ओढत. बाहेर लख्ख ऊन होतं. तिने आधी त्यांच्या बाजूचा पडदा ओढला, मग आपल्या. काचेतला डोंगर आधी अर्धा गेला, मग सगळा. दोन्ही पडदे मधोमध आणून तिने चिमटा लावला.